पाच टक्क्यांसाठी पस्तीस वर्षं

रमजान जवळ आला की सौदी अरेबियातल्या सुपरमार्केटमध्ये दारातून आत शिरतानाच जांभळ्या बाटल्यांचे उंच ढीग दिसू लागतात. व्हिम्टो. द्राक्ष, रास्पबेरी आणि ब्लॅककरंटचं घट्ट सरबत. पाण्यात कालवायचं, बर्फ घालायचा आणि मगरिबची अजान झाली की खजुराबरोबर घ्यायचं. हे पेय ना मक्केचं, ना दमास्कसचं. 1908 मध्ये मँचेस्टरच्या जॉन नोएल निकोल्स यांनी ते अंगात तरतरी आणणारं टॉनिक म्हणून बाजारात आणलं. ब्रिटनमध्ये तेव्हा दारूबंदीच्या चळवळीचा जोर होता आणि बिनदारूच्या पेयाला गिऱ्हाईक होतं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस औजान या व्यापारी घराण्यानं ते आखातात आणायला सुरुवात केली. 1979 पासून ते दम्माममध्येच तयार होऊ लागलं. आज इंग्लंडमध्ये व्हिम्टो हे इतर दहा सरबतांसारखंच एक आहे. आखातात मात्र त्याच्याशिवाय इफ्तारचं ताट अपुरं वाटणारी घरं कितीतरी आहेत.

युरोपच्या खाद्यपेय कंपन्यांना आखातात किती मोठी संधी आहे, यावर ब्रसेल्सपासून डब्लिनपर्यंत सतत बोललं जातं. आखाती सहकार्य परिषदेचे सहाही देश (सौदी अरेबिया, अमिरात, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान) आपल्या अन्नापैकी सुमारे 85 टक्के बाहेरून आणतात, हा आकडा प्रत्येक सादरीकरणाच्या पहिल्या पानावर असतो. तो खोटा नाही. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे करार करा, शुल्क उतरवा, मग माल आपोआप खपेल, तो मला साफ चुकीचा वाटतो. आखातात युरोपचं गाडं शुल्कापाशी अडलेलं नाही. तिथे ज्या युरोपीय कंपन्या टिकल्या त्या तिथल्याच होऊन राहिल्या म्हणून टिकल्या. ज्यांनी नुसते कंटेनर पाठवले, त्यांचा माल पहिल्याच वादळात शेल्फवरून उतरला.

कराराची कथा आधी सांगतो, कारण ती फार लांब नाही, फक्त लांबलेली आहे. युरोपनं आखाती परिषदेशी सहकार्य करार केला 1988 मध्ये. मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी 1990 मध्ये सुरू झाल्या. मानवी हक्कांचं कलम, तेल-रसायनांवरचं निर्यात शुल्क अशा मुद्द्यांवर घोडं पेंड खात राहिलं आणि 2008 च्या अखेरीस आखाती देशांनीच बोलणी थांबवली. दोन्ही बाजूंच्या प्रमुखांची पहिली शिखर परिषद भरायला ऑक्टोबर 2024 उजाडला. सहाही देशांशी जमत नाही म्हणून 2025 मध्ये एकट्या संयुक्त अरब अमिरातीशी वाटाघाटी सुरू झाल्या. दुधाची तहान ताकावर. तुलनेसाठी सांगायचं तर भारतानं याच अमिरातीशी व्यापक करार 88 दिवसांच्या बोलण्यांत उरकला आणि 1 मे 2022 पासून तो लागूही केला.

आता या कराराकडून मिळायचं काय होतं, ते बघा. आखाती देशांनी 2003 मध्ये सीमाशुल्क संघ केला तेव्हा बहुतेक आयातीवर समान शुल्क ठरलं ते 5 टक्के. अनेक खाद्यपदार्थांवर तेवढंही नाही. याउलट सौदी आणि अमिरातीनं 2017 मध्ये कार्बोनेटेड पेयांवर 50 टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर 100 टक्के उत्पादन शुल्क लावलं, आणि 2019 च्या डिसेंबरपासून साखर घातलेल्या इतर पेयांनाही 50 टक्क्यांच्या जाळ्यात ओढलं. व्हिम्टोलासुद्धा तो फटका बसला. सौदीत जुलै 2020 पासून मूल्यवर्धित कर थेट 5 वरून 15 टक्क्यांवर गेला. हे सगळे कर देशी-परदेशी दोन्ही मालांना सारखेच, त्यामुळे कोणताही मुक्त व्यापार करार त्यांना हात लावू शकत नाही. पाच टक्क्यांसाठी पस्तीस वर्षं टेबलावर बसायचं आणि पन्नास टक्के बाजूच्या दारानं आले त्याबद्दल बोलताच येत नाही, असा हा मामला आहे.

यावर कोणी म्हणेल, लोणी आणि दूधभुकटीसारख्या मालात नफाच इतका पातळ असतो की पाच टक्केही जीव वाचवतात. बरोबर आहे. शिवाय शुल्क सगळीकडे पाचच राहिलेलं नाही. सौदीनं 2016 च्या अखेरीस कोंबडीवरचं शुल्क 5 वरून 20 टक्के केलं आणि जून 2020 मध्ये आणखी शेकडो वस्तूंवर वाढवलं. पण ते का वाढवलं? आपले कुक्कुटपालक आणि दूधवाले जगवायला. म्हणजे जिथे शुल्क खरोखर बोचतं, तिथे ते मुद्दाम लावलेलं आहे आणि तेच सोडायला सौदी सर्वांत शेवटी तयार होईल.

कोंबडीचा विषय निघालाच आहे तर फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताकडे जायला हवं. तिथल्या दू आणि तिली-साबको या दोन कंपन्यांचा धंदा कित्येक वर्षं एकाच वाटेनं चालायचा: कोंबडी वाढवायची, हलाल पद्धतीनं कापायची, गोठवायची आणि जहाजानं आखाताकडे रवाना करायची. ब्राझीलची कोंबडी स्वस्त, त्यामुळे मधली तफावत युरोपीय संघ निर्यात अनुदानातून भरून काढायचा. हा धंदा सौदी गिऱ्हाइकाच्या जिवावर चाललाय असं वाटायचं. प्रत्यक्षात तो ब्रसेल्सच्या तिजोरीवर चालला होता. 2012 मध्ये दू कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली. जुलै 2013 मध्ये अनुदान शून्यावर आलं आणि त्या शरद ऋतूत लाल टोप्या घालून ब्रिटनीचे लोक रस्त्यावर उतरले, त्यांत तिली-साबकोचे कामगारही होते. पुढच्या वर्षी ती कंपनीही बुडाली. दूचे तुकडे 2018 मध्ये वाटले गेले, तेव्हा ते घेणाऱ्यांत सौदीचा अल-मुनाजेम समूह होता, म्हणजे जो माल विकत घ्यायचा तोच. ब्राझीलच्या बीआरएफ या कोंबडी कंपनीनं मात्र 2014 मध्येच अबुधाबीत कारखाना उघडून टाकला होता. फ्रान्समध्ये मोर्चे निघत होते त्याच सुमारास हे घडत होतं, आणि युरोपनं त्यातून घ्यायचा तो धडा घेतला असं मला तरी दिसत नाही.

पण नुसता कारखाना बांधला की झालं, असंही नाही. याचा पुरावा डेन्मार्कच्या आर्लाकडे आहे. आर्ला ही शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी दूधसंस्था. आपल्या वारणा-गोकुळच्या माणसाला तिची रचना चटकन कळेल. लुरपॅक लोणी आणि पक चीज हे तिचे आखातातले दोन हुकमी एक्के. रियाधमध्ये तिची स्वतःची डेअरी होती, आजही आहे. सप्टेंबर 2005 मध्ये एका डॅनिश वृत्तपत्रानं प्रेषित महंमदांची व्यंगचित्रं छापली. आर्लाचा त्याच्याशी कणभर संबंध नव्हता. तरी जानेवारी 2006 मध्ये सौदीत बहिष्कार पुकारला गेला आणि काही दिवसांत आर्लाचा माल दुकानांतून गायब झाला. रियाधमध्ये तयार झालेलं चीजसुद्धा. दिवसाला सुमारे 1 कोटी क्रोनरचं नुकसान होत असल्याचं कंपनीनं सांगितलं. मार्चमध्ये तिनं सौदी वृत्तपत्रांत जाहिरात देऊन व्यंगचित्रांपासून स्वतःला वेगळं केलं आणि एप्रिलपासून माल हळूहळू परत मांडला जाऊ लागला. मायदेशात त्या जाहिरातीवर टीका झाली: चार पैशांसाठी तत्त्व विकलं म्हणून.

या प्रकरणात कोण बरोबर होतं हा वाद मी इथे उकरणार नाही. मला लक्ष वेधायचंय ते पुढच्या घटनेकडे. एवढा मार खाऊन आर्ला आखातातून निघून गेली नाही. उलट 2018 च्या डिसेंबरमध्ये तिनं मॉन्डलीझ या अमेरिकी खाद्यकंपनीकडून पश्चिम आशियातला प्रक्रिया केलेल्या चीजचा धंदा आणि त्याबरोबर बहारीनमधला कारखाना विकत घ्यायचा करार केला. 2006 मधून त्यांनी काढलेला अर्थ मला असा दिसतो, की आपण तिथे अजून पुरेसे रुजलो नव्हतो. ऑक्टोबर 2020 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांच्या व्यंगचित्रांबद्दलच्या वक्तव्यांवरून फ्रेंच मालावर बहिष्कार आला, कुवेतच्या सहकारी ग्राहक भांडारांनी किरी आणि बेबीबेल ही फ्रेंच चीज शेल्फवरून काढली, तेव्हा फ्रान्सच्या परराष्ट्र मंत्रालयानं बहिष्कार थांबवण्याचं निवेदन काढलं. निवेदनानं चीज विकलं जात नाही. कारफूर या फ्रेंच सुपरमार्केट साखळीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. आखातातली कारफूर दुकानं चालवतो दुबईचा माजिद अल फुत्तैम समूह. फ्रान्सचं फक्त नाव. 2024 च्या अखेरीस जॉर्डनमध्ये, मग 2025 मध्ये ओमान, बहारीन आणि कुवेतमध्ये त्या समूहानं कारफूरची पाटी उतरवून हायपरमॅक्स अशी स्वतःची पाटी लावली. गाझा युद्धामुळे बहिष्काराचं वातावरण होतं, पण समूहानं तसं कारण जाहीर केलं नाही. ही सगळी शेल्फं आता युरोपीय नावाशिवायही चालतात, एवढं मात्र उघड झालं.

युरोपच्या बाजूनं आणखी एक गंमत आहे. जगभर फिरून युरोप सांगतो की आमच्या भौगोलिक नावांचा मान राखा. फेटा हे नाव युरोपात 2002 पासून फक्त ग्रीसच्या चीजला. पण आखातातल्या डब्याडब्यांतलं मऊ, खारं, पांढरं चीज वर्षानुवर्षं डेन्मार्कहून फेटा या नावानं जात होतं, गाईच्या दुधाचं. युरोपच्या बाहेर विकताना नियम लागू नाही असा डॅनिश सरकारचा युक्तिवाद. अखेर जुलै 2022 मध्ये युरोपीय न्यायालयानं डेन्मार्कला दोषी ठरवलं. आणि खाणाऱ्याला? त्याला खुबूसवर, म्हणजे अरबी रोटीवर, फासायला नरम, न विरघळणारं, डबा उघडल्यावर दोन आठवडे टिकणारं चीज हवं होतं. मेंढीच्या दुधाचा उग्र ग्रीक फेटा त्यानं कधी मागितलाच नव्हता. कायद्यानं ग्रीस जिंकला, सकाळच्या न्याहारीला मात्र डॅनिश चीजच राहिलं, फक्त लेबल बदलून. भौगोलिक मानांकनाच्या झेंड्याखाली आखात जिंकू पाहणाऱ्यांनी हा डबा टेबलावर ठेवून विचार करावा.

कारण खाणारा कोण, हा प्रश्न युरोपच्या प्रदर्शनी दालनांत क्वचितच विचारला जातो. दुबईत 1987 पासून गल्फूड हे खाद्यपदार्थांचं प्रदर्शन भरतं. तिथल्या युरोपीय गाळ्यांवर ट्रफल, वर्षवर्ष मुरवलेलं चीज, लाकडी पेट्यांतलं ऑलिव्ह तेल. डोळ्यांसमोर असतो तो शेख. प्रत्यक्षात अमिरातीत नागरिक दहा-बारा टक्केच; बाकी मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, बांगलादेशी, इजिप्शियन आणि आपले. सौदीच्या 2022 च्या जनगणनेत 3.22 कोटी लोकसंख्येपैकी जवळपास 42 टक्के परदेशी निघाले आणि सौदी नागरिकांपैकी 63 टक्के तिशीच्या आतले. हा ग्राहक गल्लीतल्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, नाहीतर लुलू हायपरमार्केटमध्ये खरेदी करतो. त्याला लहान पाकीट हवं, उन्हात टिकणारी वस्तू हवी, भाव बेताचा हवा.

हा ग्राहक कोकणानं फार जवळून पाहिलाय. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, रत्नागिरीकडच्या ज्या घरांतला माणूस कुवेत-दम्मामला असतो, त्या घरात निडो दूधभुकटीचे पिवळे डबे रिकामे झाल्यावर तांदूळ, डाळ, सुकी मासळी ठेवायला वापरले जातात. निडो स्वित्झर्लंडच्या नेस्लेचं. सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात ते असायचंच, विमानतळावर वजनावरून हुज्जत घालूनही. मुंबईत उत्तम दूधभुकटी मिळत असताना तो डबा का यायचा? ज्या कंपनीनं पन्नास अंशांच्या उन्हात, एका खोलीत आठ जण राहणाऱ्या कामगारासाठी फ्रिजशिवाय टिकणारं दूध पत्र्याच्या डब्यात दिलं, तिनं नुसतं दूध विकलं नाही. घरी नेण्याजोगी भेट विकली. हे यश कुठल्याही उत्पत्ती-प्रमाणपत्रावर उभं नाही.

मांसाच्या बाबतीत युरोपचा घोळ त्याच्या घरातलाच आहे. डेन्मार्कनं 2014 मध्ये आणि बेल्जियमच्या फ्लँडर्स व वॉलोनिया प्रांतांनी 2019 मध्ये जनावर बधिर न करता कापण्यावर बंदी घातली. पशुकल्याणाची ती भूमिका मला पटू शकते. तिचे समर्थक सगळेच मुस्लिमद्वेष्टे नाहीत, विरोधक सगळेच निर्दय नाहीत. पण बंदी घालायची आणि मग त्याच देशाच्या शिष्टमंडळानं रियाधमध्ये हलाल बाजाराच्या गप्पा मारायच्या, हे ताकाला जाऊन भांडं लपवण्यापैकी आहे. एक काहीतरी ठरवा. मिठाईवाल्यांची अडचण यापेक्षा बारीक आहे: डुकराच्या कातड्यापासूनचं जिलेटिन, वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट, व्हॅनिला अर्कातला अल्कोहोल. घटकाच्या यादीतला एक शब्द चुकला तर कंटेनर बंदरात उभा. यावर उपाय आहेत, सगळ्यांना माहीत आहेत, आणि छोट्या कंपनीला ते परवडत नाहीत. जर्मनीतल्या एखाद्या कौटुंबिक बिस्किट कारखान्यानं सौदीसाठी वेगळं अरबी लेबल छापायचं, उत्पादन आणि मुदतीची तारीख त्यांच्या रीतीनं टाकायची, हलाल प्रमाणपत्र घ्यायचं. त्यात खरेदीदार म्हणणार, माल पोचेल तेव्हा निम्म्याहून जास्त मुदत शिल्लक हवी. 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा दुबईच्या जेबेल अली बंदराला पोचायला दहा-बारा दिवस जास्त लागू लागले. ते दिवस त्या मुदतीतूनच वजा झाले.

दारूबद्दल थोडक्यात. वाईन आणि मद्य ही युरोपची मोठी निर्यात, त्यामुळे जानेवारी 2024 मध्ये रियाधच्या राजनैतिक वसाहतीत बिगरमुस्लिम मुत्सद्द्यांसाठी एक दुकान उघडणार अशी बातमी आल्याबरोबर युरोपच्या वृत्तपत्रांना स्वप्नं पडू लागली. फेब्रुवारी 2025 मध्ये सौदीच्या लंडनमधल्या राजदूतांनी स्पष्ट सांगितलं की 2034 च्या फुटबॉल विश्वचषकातही दारू मिळणार नाही. दुबईनं जानेवारी 2023 मध्ये मद्यावरचा 30 टक्के कर उठवला आणि 2025 च्या जानेवारीत परत लावला. यावर कोणी पंचवार्षिक योजना आखू नये.

खरा बदल वेगळ्याच दिशेनं आलाय. 2007-08 मध्ये जगात अन्न महागलं, भारतासह अनेक देशांनी तांदळाची निर्यात रोखली आणि पैसा असूनही माल मिळेना, ही भीती आखातानं अनुभवली. जून 2017 मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा कतारच्या दुकानांतलं सौदी दूध संपलं, आणि बलदना कंपनीनं बुडापेस्टहून विमानानं होल्स्टीन गाई आणल्या. थोड्याच काळात कतारचं ताज्या दुधापुरतं भागू लागलं. युरोपनं इथे काय विकलं? गाई. दूध विकायची संधी त्याच खेपेत संपली. सौदीची अलमराई ही दूध कंपनी तर 1977 मध्ये एका राजपुत्रानं आयर्लंडच्या मॅकगकियन बंधूंना बरोबर घेऊन उभी केली. अल-खर्जच्या वाळवंटात फवारे लावलेल्या गोठ्यांत तिच्या गाई आहेत. पाणी वाचवण्यासाठी सौदीनं पुढे हिरवा चारा पिकवण्यावर बंधनं आणली आणि चारा ॲरिझोनापर्यंत जाऊन मिळवला. तिथल्या भूजलावरून भांडणं झाली. हे पर्यावरणाच्या हिशेबात वेडेपणाचं आहे. पण राज्यकर्त्यांच्या हिशेबात बसतं, आणि बाजार त्यांच्या हिशेबानं चालतो.

आयर्लंडनं हे ओळखलं. केरीगोल्ड लोण्याच्या मालकीण संस्थेनं, ऑर्नुआनं, साधारण दहा वर्षांपूर्वी रियाधमध्ये सुमारे 2 कोटी युरो घालून चीज कारखाना काढला. आयर्लंडच्या दुधाचे घटक तिथे न्यायचे आणि ताजं पांढरं चीज सौदीत बनवायचं, अशी ती योजना. आयरिश शेतकऱ्याचं दूध खपतं, सौदीला आपला कारखाना मिळतो, आणि लेबलवर सौदीतच बनल्याची नोंद येते. माझ्या मते युरोपला उरलेली संधी ही अशी आहे: कच्चा माल, यंत्रं, विरजण, चव, तंत्र. ती कमी प्रतिष्ठेची दिसते, म्हणून मंत्री तिच्यासाठी फीत कापायला क्वचितच जातात.

भारत या स्पर्धेत कुठे आहे हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. उत्तर गुजरातच्या बटाटा पट्ट्यातून गोठवलेल्या फ्रेंच फ्राइज आखातात जाऊ लागल्यात, आणि तो आजवर बेल्जियम-नेदरलँड्सचा प्रांत होता. भावात आपण त्यांना भारी पडतो. पण आखातातल्या आयातदाराच्या वहीत आपल्या नावापुढे एक लाल खूण आहे, आणि ती लासलगावची आहे. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी, मग सरकारी संस्थेमार्फत अमिरातीसाठी मोजून 14,400 टन, आणि निवडणुकीच्या धामधुमीत मे 2024 मध्ये बंदी उठली. चाळीत कांदा सडलेल्या नाशिकच्या शेतकऱ्याचा संताप आपण ऐकला. दुबईच्या घाऊक बाजारातल्या व्यापाऱ्यानं मात्र आवाज न करता दुसऱ्या देशांचा कांदा मागवला. युरोपीय संघ डॅनिश लोण्याची निर्यात अशी एका रात्रीत बंद करत नाही. महाग असूनही त्याचं लोणी त्या शेल्फवर टिकून आहे, त्यात चवीइतकाच या भरवशाचा वाटा आहे. ही युरोपची सर्वांत मोठी जमेची बाजू, आणि तिची जाहिरात करताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

म्हणून अमिरातीशी चाललेल्या वाटाघाटींत युरोपनं शुल्काचा कागद खाली ठेवावा आणि तीन गोष्टी आधी मागाव्यात. एक हलाल प्रमाणपत्र सहाही देशांत चालावं, एका देशाच्या लेबलावर दुसऱ्यानं नवी चिकटपट्टी लावायला सांगू नये, आणि मुदतीचा नियम जहाजाच्या बदललेल्या वाटेप्रमाणे सैल व्हावा. मोठ्या कंपन्यांना यातलं काहीच लागत नाही. त्यांचे वकील आणि कारखाने दोन्ही तिथे आहेत. लागतं ते बव्हेरियातल्या बिस्किटवाल्याला आणि सिसिलीतल्या बदामवाल्याला, आणि ब्रसेल्सच्या टेबलावर ते दोघंही बसलेले नसतात.